अडीच गोलांच्या वर

३ सप्टेंबर

नोकरी लागली. नोकरी म्हणजे काय, तर मैदानाच्या कडेला उभं राहायचं आणि फोनवर बटणं दाबायची. चेंडू धोक्याच्या जागी आला, दाब. कॉर्नर मिळाला, दाब. गोल झाला, दाब. कंपनी कुठल्याशा दूरच्या देशातली आहे. तिचं नाव ॲपच्या डोक्यावर बारीक अक्षरांत असतं, ते मी अजून नीट वाचलेलं नाही. आमच्या खोरे लीगचे सामने टीव्हीवर कोण दाखवणार? पण त्यांची माहिती कुणीतरी विकत घेतं म्हणे. घेऊ दे. येकातेरिनबुर्गला मी एका गोदामात रिकाम्या खोक्यांना चिकटपट्ट्या लावायचो, ती खोकीसुद्धा कुणीतरी विकत घ्यायचंच. तिथल्या थंडीबद्दल एकदा सविस्तर लिहायचंय. आज नको.

अर्जात दोन प्रश्न होते. सामन्यांवर पैसे लावता का? नाही. कुठल्या खेळाडूशी नातं आहे का? नाही. पहिलं उत्तर खरं होतं. दुसऱ्याचं असं की, दाजी काही रक्ताचा नातेवाईक नाही.

दाजी म्हणजे कुबात. माझ्या बुरुलताईचा नवरा, ताश-बुलाक संघाचा कप्तान. आठवडाभर टायरच्या दुकानात पंक्चर काढतो आणि रविवारी बचावफळीच्या मधोमध उभा राहतो. रशियातून मला परत पाठवलं तेव्हापासून मी त्यांच्याच घरी आहे. दाजी तिशीला आला, आणि आता कुठे शिमकेंतच्या एका क्लबच्या माणसानं त्याला दोनदा येऊन पाहिलंय. सगळं सुरळीत झालं तर वसंतात करार. पंक्चरच्या दुकानातून थेट परदेशातला व्यावसायिक खेळाडू. या वयात असं बोलावणं पुन्हा येत नाही, हे तो स्वतःच म्हणतो. ताई तर सीमेपलीकडे घरभाडं किती असतं ते शेजारणींना विचारत सुटलीय.

जेवताना मी नोकरीचं सांगितलं. दाजी म्हणाला, "मेहुणेबुवा, चार देश फिरलात, आणि शेवटी माझाच खेळ बघायचा पगार घेणार?"

"तुझा खेळ फुकट कोण बघेल?" मी म्हणालो.

ताई म्हणाली, "दोघंही गप्प जेवा. शोरपो निवतोय."

९ सप्टेंबर

चहाखान्यात इलियाज भेटले, सगळे त्यांना बाइके, म्हणजे दादा, म्हणतात. राजधानीतले, चाळिशीचे, बूट नेहमी पुसलेले. सामन्याला येतात, पण चेंडूकडे कमी आणि फोनकडे जास्त बघतात. मला म्हणाले, "तू बटणवाला ना? बस."

त्यांच्या फोनवर एक बाजार आहे, नाव ‘तराजा’. खोऱ्यातल्या सामन्यांचे बाजार त्यावर तेच उघडतात. मला वाटलं सट्ट्याचं दुकान असेल. तर म्हणे नाही. "दुकानात समोर दुकानदार असतो. भाव तोच ठरवतो, आणि शेवटी जिंकतोही तोच. इथं दुकानदार नाही. इथं तुझ्यासमोर तुझ्यासारखाच एक गाढव असतो. तुला वाटतं ताश-बुलाक जिंकेल, त्याला वाटतं नाही. तू ‘होय’ घेतोस, तो ‘नाही’ घेतो. दोघांचे मिळून शंभर सोम. खरं ठरेल त्याला शंभर, दुसऱ्याला भोपळा."

"आणि भाव?"

"भाव म्हणजे लोकांचं मत. ‘होय’ चाळीसला मिळतंय, म्हणजे बाजाराला वाटतं की शंभरात चाळीस वेळा असं घडेल. तुला साठ वेळा घडेलसं वाटतंय? मग तुझ्या लेखी ते स्वस्त आहे. घे. सामना चालू असताना भाव चढला तर वाटेत विकूनही टाकता येतं."

मग फरकाचा बाजार समजावायला त्यांनी नान तोडायला घेतला. चहावाली म्हातारी तिथूनच म्हणाली, "भाकरीशी खेळू नकोस, बाळा. आईनं शिकवलं नाही वाटतं." बाइकेंनी नान सरळ करून ठेवला आणि साखरेचे खडे मांडले.

"नुसतं कोण जिंकेल यात मजा नाही. तुमचा ताश-बुलाक निम्म्या संघांना हरवतोच. म्हणून विचारायचं, किती गोलांनी? दीडच्या वर? अडीचच्या वर?"

"अर्धा गोल कुणी मारलाय कधी?"

"म्हणूनच तर तो अर्धा घालतात. दोन खडे म्हणजे दीडच्या वर, एक खडा म्हणजे खाली. मधे अडकायला जागाच नाही. कुणीतरी एक मरतोच." आणि त्यांनी एक खडा तोंडात टाकला.

मला हे फार आवडलं. शाळेत गणितात मी जे शिकलो नाही ते साखरेच्या चार खड्यांत कळलं. अर्जातलं पहिलं उत्तर आठवलं. पण ते अर्ज भरला त्या दिवशी खरं होतं, आणि अर्ज त्याच दिवसाचा होता.

१५ सप्टेंबर

काल पहिल्यांदा घेतलं. ‘ताश-बुलाक दीडच्या वर’, होय. तीन-शून्यनं जिंकलो. दाजीनं एक गोल डोक्यानं मारला. मी बटण दाबलं आणि ‘होय’चा भाव माझ्या डोळ्यांदेखत वर सरकला. माझ्या अंगठ्यानं सरकला, असं म्हणायलाही हरकत नाही. त्या कंपनीच्या आकड्यांवरच सगळे डोळे लावून असतात.

इतकी वर्षं मी जिथं गेलो तिथं सगळ्यांत शेवटी कळणारा माणूस होतो. काम सुटलं, सगळ्यांत शेवटी मला कळलं. कागद बाद झाले, पोलीस दारात आल्यावर कळलं. आज मला सगळ्यांच्या आधी कळतं.

ताईला टरबूज आणलं. म्हणाली, एवढं मोठं कशाला, तिघंच तर आहोत.

२२ सप्टेंबर

हे लिहायला नको, पण दुसरीकडे कुठे लिहिणार.

काल आम्ही लीगमधल्या पहिल्या नंबरच्या संघाला हरवलं. एक-शून्य. असं सहा वर्षांत झालं नव्हतं. अख्खं ताश-बुलाक मैदानात घुसलं, एका म्हाताऱ्यानं कुत्र्याच्या गळ्यात संघाचा रुमाल बांधला, दाजीला लोकांनी खांद्यावर घेतलं. आणि मी कडेला उभा राहून दात खात होतो. कारण मी ‘दीडच्या वर’ घेतलेलं होतं. शेवटच्या मिनिटाला आमचा पोरगा समोर मोकळी जाळी असताना चेंडू कोपऱ्यात नेऊन वेळ काढत बसला. शहाणपणाचंच केलं त्यानं. मी त्याला आईवरून शिवी दिली. शेजारी त्याची आईच उभी होती. तिनं ऐकलं नाही बहुतेक, ती रडत होती, आनंदानं.

दाजीनं गर्दीतून मला शोधलं, मिठी मारली. "बघितलंस?"

"बघितलं," मी म्हणालो.

"मग तोंड असं का, पोट दुखतंय?"

ताश-बुलाक जिंकला की मला आनंद व्हायचा, हे मला आठवतंय. कझानला एका खोलीत आठ जण राहायचो, तेव्हा तर निकाल कळावा म्हणून मी ताईला फोन लावायचो. आता दोन प्रकारे जिंकता येतं आणि त्यातल्या एकात मी हरतो.

२९ सप्टेंबर

मधले दिवस काही नाही. टायरच्या दुकानात दाजीला हात दिला, बोट चेमटलं.

पुढचा सामना कारा-आरिकला, त्यांच्या मैदानावर. त्याच दिवशी तिथं सातार अतांचा आश आहे. म्हातारा जाऊन वर्ष होतंय, त्याच्या नावानं जेवण. घोडा कापणार, सगळ्या खोऱ्यातून माणसं येणार, सकाळी घोड्यांच्या शर्यती, दुपारी सामना. लीगनं तारीख बदलायची तयारी दाखवली होती, पण घरच्यांनीच सांगितलं, त्याच दिवशी खेळा, अतांना तेच आवडलं असतं. सातार अतांनी खोऱ्यातल्या निम्म्या पोरांना फुटबॉल शिकवला. दाजीला तर बापच. खळ्यावर अनवाणी खेळवायचे. मलाही आठवडाभर शिकवलं, मग म्हणाले, "तुझं लक्ष पाखरांकडे असतं, तू घरी जा."

कारा-आरिकचा संघ यंदा अगदी पडलेला. गोलरक्षक एरमेक, अतांचाच नातू, त्याचं मनगट दुखावलेलं. ‘ताश-बुलाक अडीचच्या वर’ बेचाळीसला मिळतंय. दुसरीकडे कारा-आरिकची माणसं ‘नाही’ घेत सुटलीयत, धडाधड. इलियाज बाइके म्हणाले, "गावाच्या मायेनं आंधळी झालेली गिऱ्हाइकं. अशांच्या जिवावरच बाजार चालतो."

मी ‘होय’ घेतलं. खात्यात होतं तेवढं सगळं. बातुमीला जायला साठवलेल्यातलंही निम्मं त्यात आलं. मला समुद्रावर काम करायचंय एकदा.

६ ऑक्टोबर

सकाळ झाली, रात्रभर झोपलो नाही. रागानं.

काल मध्यंतराला दोन-शून्य. मी निवांत होतो. गोलाच्या मागं घोडे बांधलेले, कढयांचा धूर मैदानावर येत होता, मांडवात अक्साकाल, खोऱ्यातले मानाचे म्हातारे, ओळीनं पांढऱ्या टोप्या घालून बसलेले. एक सूर्यफुलाच्या बिया विकणारी पोरगी दोनदा माझ्याकडे बघून हसली, तिच्याशी बोलायच्या नादात मी एक कॉर्नर चुकवला. उत्तरार्धात आमची पोरं चेंडू नुसता इकडून तिकडे फिरवत होती. मला वाटलं दमली असतील.

मग शेवटी शेवटी त्यांच्या एका पोराचा हात चेंडूला लागला. पेनल्टी. मी दाबलं. ‘होय’ एकदम नव्वदला गेलं. विकता आलं असतं. एका बोटाचं काम होतं. पण नव्वद कशाला घ्यायचे, शंभर समोर उभे असताना? पेनल्टी दाजी मारणार होता, आणि दाजीची पेनल्टी मी तरी कधी हुकलेली पाहिली नाही.

दाजीनं चेंडू ठेवला. मांडवाकडे बघितलं. दोन पावलं मागं आला आणि लहान मुलाकडे सरकवावा तसा चेंडू एरमेकच्या हातात सरकवला. एरमेकला वाकावंसुद्धा लागलं नाही.

मग मांडवातल्या म्हाताऱ्यांनी ओंजळी चेहऱ्यावरून फिरवल्या, दुआ झाल्यावर फिरवतात तशा. टाळ्या सुरू झाल्या, त्यांच्याकडून, आमच्याकडूनही. दाजी एरमेकच्या गळ्यात पडला. आमचा प्रशिक्षकसुद्धा मान डोलावत होता. अख्ख्या मैदानात एकटा मी फोनकडे बघत होतो. सहा. नव्वदावरून सहा.

सामन्यानंतर दोन्ही संघ एकाच चादरीवर जेवायला बसले. दाजी हाक मारत होता, "मेदेर, ये, तुझा वाटा राखलाय." मी गेलो नाही. गाडीत बसून अहवाल भरला. शेवटी एक प्रश्न नेहमीचाच असतो, सामन्यात काही संशयास्पद वाटलं का? नेहमी मी न वाचता ‘नाही’ दाबतो. काल ‘होय’ दाबलं. खाली चौकोनात लिहिलं, ‘कप्तानानं पेनल्टी मुद्दाम घालवली.’

यात एकही शब्द खोटा नाही. हजार माणसांनी पाहिलंय.

८ ऑक्टोबर

दाजीला विचारलं, सहज विचारल्यासारखं. टायरमधून खिळा काढत होता.

"ती पेनल्टी का सोडलीस?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी विचारलं होतं की जेवायच्या आधी हात का धुतोस. "अतांचा आश होता, मेदेर."

"जिंकलात की तरी."

"जिंकायचंच. मुद्दाम हरलो असतो तर अतांनी कबरीतून उठून लाथ घातली असती. पण मेलेल्याच्या अंगणात, त्याच्याच नातवाला... दोन झाले, पुरे झाले." मग हसला. "रशियात सगळंच विसरून आलास काय रे?"

विसरलो नव्हतो. माझ्या स्वतःच्या आजोबांच्या आशला कुस्तीत पाहुण्यानं आमच्या काकाला अर्ध्यावर सोडून दिलं होतं, मी लहान होतो, मी पाहिलंय. ठाऊक होतं. फक्त त्या दिवशी ते फोनमध्ये नव्हतं. कारा-आरिकची ती आंधळी गिऱ्हाइकं कशाला ‘नाही’ घेत होती, तेही आत्ता लिहिताना लक्षात येतंय. म्हणजे त्यांनी मला फसवलंच की.

१३ ऑक्टोबर

लीगच्या शिस्त समितीचं पत्र आलं. दाजीनं दुकानातच मोठ्यानं वाचलं. सामन्याआधी कारा-आरिकमधून ‘नाही’ची असाधारण खरेदी झाली. माहिती-कंपनीकडून संशयाची सूचना आली. चित्रफितीत कप्तान पेनल्टी मुद्दाम घालवताना दिसतो. सबब सामना विकल्याचा संशय. चौकशीला ओशला हजर राहावे.

दाजी आधी हसला. "कारा-आरिकवाल्यांनी ‘नाही’ घेतलं? घेणारच. आशच्या दिवशी तिसरा होत नाही हे त्यांच्या शेळ्यांना पण ठाऊक आहे. यात विकलं काय मी?" मग त्यानं शिमकेंतवाल्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, चौकशीतून मोकळा होऊन ये, कागद तयार आहेत. मोकळा झाला नाहीस तर मला पुन्हा फोन करू नकोस, माझी नोकरी आहे.

फोन ठेवल्यावर हसला नाही.

ताई माझ्याकडे वळली. "कंपनीकडून सूचना म्हणजे कोण रे? तू तर तिथंच होतास."

"वर कुणीतरी असतं," मी म्हणालो. "कार्यालयात बसून चित्रफिती बघतात. त्यांचं कामच ते."

असतीलच कुणीतरी. एवढी मोठी कंपनी.

१६ ऑक्टोबर

दाजी ओशहून परत आला. समितीत तिघं, एक राजधानीतला. दाजीनं सांगितलं, आश होता. राजधानीतला म्हणाला, "हे कारण नियमांत कुठं बसवू? बसेल असं काही सांगा. पाय घसरला का?" दाजी म्हणाला, घसरला नाही. खोटं सांगून सुटला असता. प्रशिक्षकानं त्याला बाहेर येऊन शिव्या घातल्या म्हणे, ‘घसरला म्हण ना रे गाढवा.’ दाजी म्हणाला, अतांचं देणं मी पाय घसरून दिलं असं कसं सांगू.

त्यांना तिऱ्हाईत माणूस हवाय. एरमेक आला तर म्हणतील यालाच फायदा झाला. अक्साकाल आले तर म्हणतील त्याच गावचे. पुढच्या सुनावणीला सामन्याची नोंद करणारा माणूस आला तर ऐकून घेऊ, असं ते स्वतःच म्हणाले.

"म्हणजे तू," दाजी म्हणाला. "दोन वाक्यं. तिथं आश होता. आणि आपल्याकडे असंच करतात."

"मी तुझा मेहुणा ना, ऐकतील?"

"ते पण सांग. लपवण्यासारखं काय आहे त्यात? माझा मेहुणा असणं गुन्हा आहे का?"

"शिक्षा आहे," ताई म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी तिघंही हसलो.

मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो. त्या वेळी.

१९ ऑक्टोबर

इलियाज बाइकेंना सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळं, अहवालातल्या वाक्यासकट. ते हसले नाहीत, हे जास्त वाईट वाटलं.

"गेलास की पहिलं तुझं खातं उघडतील. ‘होय’ कुणी घेतलं होतं? याच माणसानं. हरलं कोण? हाच माणूस. तक्रार कुणी केली? यानंच. वरून खेळाडूचा मेहुणा, आणि अर्जात लिहिलंय नातं नाही. अरे, तुझ्या दाजीपेक्षा तूच छान आरोपी आहेस."

"पण मी सांगितलं तर दाजी सुटेल ना?"

"सुटेल की. तक्रारच रागातून झाली म्हटल्यावर राहिलं काय?" त्यांनी चहाची वाटी फिरवली. "आणि तुझ्या घरी? तू लिहिलंस हे त्या घरात कळल्यावर जेवायला कुठं बसशील?"

समितीला जाऊन दोनच वाक्यं सांगितली, बाकी गिळलं, तर? त्यांनी विचारलंच तर? विचारतीलच. राजधानीतला तो माणूस विचारणाराच वाटतो.

बाइके उठता उठता म्हणाले, "लोक मागतायत म्हणून नवीन बाजार उघडलाय. ‘कुबातवर बंदी येईल.’ सध्या पन्नासच्या आसपास आहे. साक्षीदार येणार अशी बोलवा आहे ना, म्हणून चढत नाही."

मी म्हणालो, शरम वाटत नाही का. ते म्हणाले, "मी फक्त तराजू धरलाय, बाळा. पारड्यात तुम्ही बसता."

२४ ऑक्टोबर

दाजी काल रात्रीच प्रशिक्षकाच्या गाडीतून ओशला गेला होता. मी सकाळच्या बसनं निघालो. ताईनं माझा सदरा इस्त्री केला, वाटेत खायला सुक्या दह्याचं कुरूत बांधून दिलं. हे लिहायचं कारण नाही, पण इस्त्री तिनं दोनदा केली.

समितीचं कार्यालय बाजारापलीकडे, चालत जाण्याजोगं. वेळ होता म्हणून बाजारातून गेलो. लाव्हे विकणाऱ्यांची ओळ लागते तिथं. भोपळ्याच्या पिंजऱ्यात एकेक पक्षी. एक म्हातारा सांगत होता की चांगला लाव्हा सलग किती वेळा बोलतो त्यावर त्याची किंमत, आणि त्याच्याकडचा एक असा होता की माणसं पहाटे त्याच्या अंगणाबाहेर उभी राहायची. मी विचारलं, त्याचं काय झालं? "विकला," म्हातारा म्हणाला. "नव्या घरी बोललाच नाही." मला त्याच्याशी बोलत बसावंसं वाटलं. बसलो. सामसा खाल्ला. दाजीचा फोन आला. उचलला नाही. फोन वाजायचा थांबला की मग जाऊ, असं ठरवलं. थांबला. पुन्हा वाजला.

केव्हा ठरवलं ते सांगता येत नाही. ठरवलंच नाही, नुसता बसून राहिलो. आणि मग लक्षात आलं की आपण जाणार नाही.

आता पुढचं. पुढचंही लिहितो.

फोन हातात होता. ‘बंदी येईल’, होय, एक्कावन्न. पन्नास-एक्कावन्न म्हणजे कुणालाच काही ठाऊक नाही. सगळं खोरं विचार करत होतं, साक्षीदार येतो की नाही. हे ठाऊक असलेला जगात एकच माणूस होता, आणि तो लाव्ह्यांच्या पिंजऱ्यांशेजारी सामसा खात होता. महिनाभर मी मैदानाच्या कडेला उभं राहून जे शोधत होतो ते हेच, जे मला ठाऊक आहे आणि बाजाराला नाही.

घेतलं. राहिलं होतं तेवढं सगळं, दोन महिन्यांचा पगार धरून. मी घेतल्यावर भाव सत्तावन्नला गेला.

संध्याकाळी बसस्थानकावर दाजी भेटला. मी आधीच बोलून टाकलं, "दारावरच अडवलं. नातेवाईक म्हणून साक्ष चालत नाही म्हणाले. तासभर वाद घातला, फोनसुद्धा काढू दिला नाही."

त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "मला वाटलंच. मी त्यांना आत सांगत होतो, तो येईल, थांबा जरा. ते म्हणाले कुणी आलेलं नाही. खोटारडे लेकाचे."

बसमध्ये त्यानं खिडकीची जागा मला दिली.

२६ ऑक्टोबर

दोन वर्षं बंदी.

भाव शंभर झाला. गेलेलं सगळं परत आलं, वर थोडं जास्तच. इलियाज बाइकेंचा निरोप, ‘शिकलास.’

ताई पीठ मळत राहिली, लागतं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ. दाजी म्हणाला, "मेहुण्याला आधी वाढ. माझ्या साक्षीपायी त्याची नोकरी जायची वेळ आली होती."

जेवलो.

१० नोव्हेंबर

शिमकेंतचा माणूस फोन उचलत नाही. एरमेक आणि कारा-आरिकचे चार म्हातारे भेटायला आले, मेंढा घेऊन. दाजीनं मेंढा परत पाठवला, म्हाताऱ्यांना चहा पाजला. रविवारी सामन्याला आला नाही. दाजीशिवाय संघाचं कंबरडंच मोडलं, चार गोल खाल्ले. मी चारही वेळा बटण दाबलं. कुणाच्या बाजूनं काय घेतलं होतं ते लिहीत नाही.

बातुमीचं तिकीट बघितलं. मग म्हटलं, वसंतात बघू. आत्ताच गेलो तर विचित्र दिसेल.

१८ नोव्हेंबर

दुपारी दुकानात डबा घेऊन गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. दाजी पाण्याच्या टबात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला,

"तुमच्या कंपनीत तो कार्यालयात बसून बघणारा, ज्यानं सूचना लिहिली. त्याचं नाव कळेल का रे?"

"नाही कळत. का?"

"भांडायचं नाही. भांडून काय. मला फक्त एवढंच हवंय, तो आपल्या इकडचा होता का?"

"म्हणजे?"

"म्हणजे आपल्यात वाढलेला. आश म्हणजे काय हे ठाऊक असलेला." त्यानं ट्यूब फिरवली. "समितीत कुणीतरी म्हणालं होतं की सूचना मैदानावरून आली. तेव्हापासून तेच डोक्यात बसलंय. बाहेरचा असेल तर माझा रागच नाही. बाहेरच्याला दिसलं ते त्यानं लिहिलं."

"बाहेरचाच," मी म्हणालो. "इकडचं माणूस तिथं एकही नाही. मी विचारलं होतं."

त्याला भोक सापडलं. अंगठा दाबून धरला, ट्यूब वर काढली, आणि खरंच बरं वाटल्यासारखा माझ्याकडे बघून हसला.

"मग ठीक. उगाच महिनाभर गावातल्या एकेकाच्या तोंडाकडे बघत होतो मी."